चाळीस ओळींची चिठ्ठी

खरं सांगायचं तर रावज्या मुंगूस हे लिहून ठेवणारच नव्हता. लिहून होणार काय, पान शेवटी त्याच नाक्यावर अडकणार. पण मग लिहिलंच.

एक जंगल होतं. त्याला बिबट्या राजा होता. राजा निवडून आलेला होता, म्हणजे दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं.

जंगलाच्या मधोमध चार वाटा मिळायच्या. तिथल्या वारुळावर खेमाकाका बसायचे. खेमाकाका म्हणजे खवल्या मांजर, जंगलाचे नाकेदार. पळसाच्या पानावर लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी आधी त्यांच्याकडे. ते पत्ता बघणार, ज्या वाटेची त्या वाटेला लावणार. रावज्या अक्षरं शिकला ती त्यांच्या समोर बसून, उलटी वाचत.

दरबाराचा नियम एकच. चिठ्ठीच्या डोक्यावर लिहायचं, आत ओळी किती. तेवढ्या ओळी मिळेपर्यंत पुढच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही.

एका सकाळी चिठ्ठी आली. वर लिहिलेलं, ओळी चाळीस. खाली दोनच. 'जंगल प्रगतिपथावर आहे. सविस्तर खाली.'

खाली काहीच नव्हतं.

खेमाकाका थांबले. दुपार झाली तरी थांबले. मागे चिठ्ठ्यांचा ढीग साचला, तशी त्यांना धडकी भरली आणि त्यांची जात करते तेच त्यांनी केलं. अंगाचा गोळा करून पडून राहिले. जंगल ठप्प.

ढिगात सगळ्यात वर चितळांची तक्रार होती. राजाच्या आंघोळीसाठी ओढ्याला कुंपण घातलंय, पाडसं तीन दिवस तहानलेली आहेत.

रावज्या पळत दरबारात गेला. म्हणाला, नियमात भोक आहे. कुणीही खोटा आकडा टाकावा आणि जंगल बंद पाडावं. नियमात एक ओळ वाढवा, ओळी कमी भरल्या तर चिठ्ठी फेकून द्या आणि पुढची घ्या.

राजाचा प्रवक्ता तरस. तो आधी म्हणाला, भोक नाहीच. मग म्हणाला, आहे, पण बारीक आहे. मग म्हणाला, शेजारच्या जंगलाने पाडलंय. शेवटी समिती नेमली. समितीने सगळ्यांची मतं मागवली, चिठ्ठीने, नाक्यावरून.

तोवर तात्पुरता उपाय म्हणून खेमाकाकांवर घागरभर पाणी ओतायचं ठरलं. पाणी दरबारातून यायचं, तेवढं शिल्लक होतं. काका दचकून उठायचे, पण समोर काय साचलं होतं ते साफ विसरलेले. शिपाई ढीग झाडून टाकायचे. नाका सुरू, तक्रार गायब.

चितळांनी पुन्हा लिहिलं. त्यांच्या चिठ्ठीच्या पुढे पुन्हा चाळीस ओळींची चिठ्ठी. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा रावज्याने पान उलटं करून बघितलं. मागे राजाच्या पंजाचा शिक्का होता.

महिनाअखेरीला तरसाने सभा घेतली. "बंधुभगिनींनो, महिनाभरात एकही तक्रार आली नाही. असा कारभार तुमच्या आज्याने तरी पाहिला होता का?"

टाळ्या पडल्या. चितळं आली नव्हती, त्यांचं निमंत्रण नाक्यावर अडकलं होतं.

त्याच सभेत निवडणूक जाहीर झाली. या वेळी म्हातारा सांबर उभा राहिला होता. मतं चिठ्ठीनेच द्यायची. आणि एक फर्मान, मतदानाच्या दिवशी नाका अडला तर नाकेदाराचे खवले उतरवण्यात येतील.

रावज्याला सगळं लख्ख दिसलं. दरबाऱ्यांची मतं पुढे जाणार, मग चाळीस ओळींची चिठ्ठी येणार, बाकीच्यांची मतं मागे अडकणार, आणि सोलले जाणार काका.

त्याने काकांना हात जोडून सांगितलं, ती चिठ्ठी आली की टाकून द्या.

"नाही रे बाबा," काका म्हणाले. "चाळीस म्हटलंय तर चाळीस यायला हव्यात. मी नियमच पाळतोय ना? तरी माझेच खवले कसे?"

रावज्याने पळसाची काटकी उचलली आणि दगडावर घासून टोक काढलं.

"नियम पाळा तुम्ही. उरलेल्या अडतीस ओळी मी लिहून देतो, काका. शब्द देतो तुम्हाला. शिक्का त्यांचाच आहे, चिठ्ठी जंगलभर जाईल."

"आणि लिहिशील काय?"

"त्यांनीच सांगितलंय की," रावज्या म्हणाला. "सविस्तर."