काबरीला न ओळखता आलेले रोप

फार पूर्वी, जनावरे आपापसांत माणसांसारखी बोलत असत तेव्हा, एका कळपात काबरी नावाची म्हातारी शेळी होती. कोणते पान खावे आणि कोणते टाळावे, हे कळपाला तीच सांगत असे. तिचे उत्तर कधी चुकले नव्हते. मात्र बारा वर्षे प्रत्येक पान हुंगून तिचे नाक आणि गुडघे दोन्ही थकले होते.

एके दिवशी कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात एक अनोळखी रोप दाट माजलेले दिसले. भुकेला कळप काबरीभोवती थांबला. तिने एक पान हुंगले. आकार खाण्याजोग्या तांदुळजाचा होता, पण वास विषारी घाणेरीचा.

"आजी, लवकर सांग," ढवळी नावाची तरणी शेळी म्हणाली. "तुला नाव आठवेपर्यंत आमचा वाळून कडबा होईल."

सगळ्या हसल्या. 'तांदुळजाच आहे' एवढे म्हटले असते, तर काबरीचा मान राहिला असता आणि तिला सावलीत अंग टेकता आले असते. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात ढवळीच्या करडाने पानाकडे तोंड नेले. काबरीने शिंग आडवे घातले.

"मला हे ओळखता येत नाही," ती म्हणाली.

"मग आता कोणाला विचारायचे?" ढवळीच्या आवाजातली थट्टा विरली होती.

"नाक तुलाही आहे, बाई," काबरी म्हणाली आणि बांधावर जाऊन बसली.

ढवळीने करडाला मागे ढकलले, मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक पान न खाता नुसते हुंगून पाहिले.