साळूची पिशवी

त्या राज्यात सगळ्यांच्या आठवणी नदीपलीकडे राहत असत. कोणाला काही टिपून ठेवायचं असलं की ते कासवाच्या कानात सांगायचं. कासव पोहत पलीकडे जाई आणि तिथला दप्तरी बगळा ते दगडावर कोरून ठेवी. पुन्हा हवं झालं की पुन्हा कासवालाच पाठवायचं. नदीच्या अलीकडे स्वतःजवळ काही ठेवणं म्हणजे बगळ्यावर अविश्वास, आणि बगळा भारी मानी होता.

साळू नावाची साळिंदर तिथली वैदीण. गेल्या पुरात कासवाचं येणंजाणं थांबलं आणि नेमकं तेव्हाच सशिणीचं पिल्लू तापानं फणफणलं. दोन मुळ्या दिसायला अगदी सारख्या. एक ताप उतरवणारी, दुसरी जीव घेणारी. त्यांची खूण पलीकडे कोरलेली. साळू दोन्ही मुळ्या हातात धरून बसून राहिली आणि पिल्लू गेलं. सशीण तिला एका शब्दानंही बोलली नाही. तेच साळूला फार लागलं.

पाणी उतरताच तिनं मुळ्यांची खूण मागवली, स्वतःचा एक काटा उपटला आणि पळसाच्या पानावर टोचे मारून ती उतरवून घेतली. मग पान ठेवायला पिशवी शिवली. हौसेनं तिला सात कप्पे केले. ती तिनं आधी सशिणीला नेऊन दिली. सशिणीनं ती उघडून पाहिली आणि परत दिली.

"साळूबाई, पोर तापलेलं असताना सात ठिकाणी कुठं शोधत बसू?"

साळूनं सगळे टाके उसवले. नव्या पिशवीला एकच कप्पा होता. आत काटा आणि पानं, आणि एका पंजानं उघडेल असं तोंड. बघता बघता अलीकडच्या प्रत्येक गळ्यात अशी पिशवी आली, आणि प्रत्येकीत मुळ्यांचं पान.

बगळा तणतणत आला. "माझे दगड काय वाहून चाललेत?"

"दगड असू द्या, दप्तरीबुवा," साळू म्हणाली. "वाट मोकळी झाली की प्रत्येक पान कासवाबरोबर तुमच्याकडे येईल. एकाच गोष्टीची दोन वेगळी पानं आली, तर एकही फेकू नका. दोन्ही दोऱ्यात ओवून परत पाठवा. कोणतं ठेवायचं ते लिहिणारेच ठरवतील."

बगळा चोच वर करून उडून गेला.

पुढच्या वर्षी नदी कधी नव्हे इतकी फुगली, आणि सशिणीचं धाकटं पिल्लू तापलं. साळू धावतपळत पोचली, तर सशिणीनं पान काढून, टोचे चाचपून योग्य मुळी उगाळलीसुद्धा होती. दुपारी पिल्लाला घाम फुटला. संध्याकाळी ते दूध मागू लागलं. साळू दारातच बसली आणि आनंदानं पोटभर रडली.

पूर ओसरला तेव्हा पलीकडचे दगड घासून गुळगुळीत झाले होते. बगळा चिखलानं माखलेला अलीकडे आला. कोणी त्याला हसलं नाही. सगळ्यांनी आपापली पानं उलगडली, आणि तो दिवसभर खाली बसून एकेक खूण उतरवून घेत राहिला.

काम उरकलं तरी तो घुटमळत होता. शेवटी त्यानं आपली लांब मान साळूपुढे वाकवली, आणि साळूनं तिच्यात एक कोरी पिशवी अडकवली.