सुदामनं विलायतेत नाव घातलं

माण तालुक्यातल्या एका गावात एक भोळा बी.कॉम. होता. त्याचं नाव सुदाम. पदवी मिळाली तरी भोळेपणा गेला नाही, कारण तो विषय पेपरात नव्हता.

पोरांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या साताऱ्याच्या एका एजंटानं त्याच्या आबांना रंगीत पुस्तिका दाखवली. इंग्लंडातलं एक शहर. स्वस्त, मस्त, गजबजलेलं. लंडनच्या निम्म्या भाड्यात खोली. गल्लीगल्लीत गाणं-बजावणं. पुस्तिकेतली सगळी पोरं हिरवळीवर बसून हसत होती. अभ्यास करताना एकही सापडलं नाही.

"आमच्या सुदामासाठीच वसवल्यालं दिसतंय," आबा म्हणाले. आठ दिवसांत चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यात सुदाम गॉगल लावून उभा होता आणि मागं विमान होतं.

शहर खरोखरच झकास निघालं. मावसभाऊ विक्रांतदादा तिथंच शिकत होता. सुदाम त्याच्या फ्लॅटवर उतरला. संध्याकाळी बाजारात टोपलीभर टोमॅटो एका पौंडाला. चौकात कुणी गिटार वाजवतंय, कुणी उगाच नाचतंय.

"दादा, हितं रोजच जत्रा असती व्हय?"

"असती. पण आधी युनिव्हर्सिटीच्या हापिसात जाऊन पटावर नाव घाल. शुक्रवारी पाचपतोर मुदत हाय. नाव न्हाई लागलं तर माघारी जायचं. आन् गावात फ्लेक्स लागलाय, ध्यानात ठेव."

सुदामला माघारी जायचं नव्हतं. त्याला हे शहर फार आवडलं होतं.

मंगळवारी साडेचारला तो हापिसाला जायला बसमध्ये चढला. ड्रायव्हरनं विचारलं, "काय, बरं आहे ना?"

सुदामनं खरं ते सांगितलं. पोट कालपासून बिघडलंय. डाव्या दाढेत कळ येते. आजीचा गुडघा पावसाळ्यापासून धरलाय. मागं अकरा माणसं गप्प उभी होती. इंग्रज माणूस रांगेत जीव देईल, पण तोंड उघडणार नाही. बस वीस मिनिटं हलली नाही. हापिस बंद झालं.

दादानं कपाळाला हात लावला. "आरं येड्या, 'बरं आहे ना' म्हंजे नुसता रामराम! कुणी विचारलं की हसायचं आन् 'मजेत' म्हणायचं. काय बी झालं तरी."

"बरं दादा." सुदामनं खूणगाठ बांधली.

बुधवारी निघण्याआधी त्यानं पिठल्याला फोडणी टाकली. तेल पेटलं. तेलानं पडदा पेटला. वास आला म्हणून इमारतीचा वॉर्डन धावत दाराशी आला. "आत सगळं बरं आहे ना?"

सुदाम धुरातून हसला. "मजेत!"

वॉर्डन समाधानानं खाली गेला. मग घंटा वाजली, आगीचा बंब आला आणि पिठलं भिजलं. सुदाम मात्र शेवटपर्यंत कढई धरून होता. हापिसाला जायचं राहिलंच.

"आरं, घंटा वाजली की हातातलं टाकायचं!" दादा ओरडला. "थेट भाईर पळायचं आन् कुणी बोलवंस्तोवर हिरवळीवर हुभं ऱ्हायचं."

"बरं दादा." सुदामनं खूणगाठ बांधली.

गुरुवारी तो वेळेत हापिसात पोचला. त्याचा नंबर आला. खिडकीतल्या ग्लेनिसबाई मायाळू होत्या. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. सुदामनं पहिलं अक्षर काढलं आणि समोरच्या चर्चची अकराची घंटा वाजली. त्यानं फॉर्म टाकला, पेन टाकलं आणि धूम ठोकली. दार मागं फिरलं ते थेट एका प्रोफेसरांच्या नाकावर. सुदाम संध्याकाळपर्यंत हिरवळीवर उभा राहिला. कुणी बोलावलंच नाही.

आता दादाला रडू यायचं बाकी होतं. "उद्या शेवटचा दिस हाय, सुदामा! आन् हितली रीत ऐक. दारातनं जाताना मागं बघायचं. मागं कुणी असंल तर दार धरायचं, त्येला आधी जाऊ द्यायचं. शेवटचा मानूस जाईस्तोवर दार सोडायचं न्हाई."

"बरं दादा." सुदामनं दोन खूणगाठी बांधल्या.

शुक्रवारी नऊच्या ठोक्याला तो हापिसाच्या दारात होता. त्यानं दार उघडलं. मागं पाहिलं. एक चिनी मुलगी. त्यानं दार धरलं. तिच्या मागं दोघं नायजेरियाचे, त्यांच्या मागं अख्खी रांग. मुदतीच्या दिवशीच जाग येणारी पोरं जगात सगळीकडं सारखीच.

प्रत्येक जण म्हणाला, "थँक्यू." सुदामला गहिवरून आलं. गावात त्याला आजवर कुणी थँक्यू म्हटलं नव्हतं. दुपारी एकीनं बिस्किट दिलं. ते त्यानं डाव्या हातानं खाल्लं, उजव्यात दार होतं.

पाचला पाच कमी असताना रांग संपली. ग्लेनिसबाई किल्ल्या घेऊन दारात आल्या. घड्याळ बघून म्हणाल्या, "बाळा, पाच मिनिटं आहेत. कुणाचं नाव राहिलंय का? मी थांबते."

सुदामनं डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. दार न सोडता वाकून खांबामागं पाहिलं.

"कुणी न्हाई, बाई."

"खात्री आहे ना?"

"सकाळपासनं मीच आत सोडतोय की!"

बाई थँक्यू म्हणाल्या आणि पाचच्या ठोक्याला कुलूप लावून घरी गेल्या. तेवढ्यात खिशात फोन वाजला. गावाकडून आबा होते. चार दिवस त्यांना झोप नव्हती.

"पोरा, नाव लागलं का रं?"

"लागलं की, आबा!" सुदाम छाती फुगवून म्हणाला. "समद्यांचं लागलं. एक बी राहू दिला न्हाई म्या."