चेंडू, गालिचा आणि ताक

"ओलं!" राजा रणधवल ओरडला आणि गालिच्यावर टेकलेला पाय त्याने झटकन वर घेतला. "पुन्हा ओलं!"

सिंहासनाखालून एक गोल, तपकिरी पिल्लू बाहेर आलं आणि राजाकडे बघून शेपूट हलवू लागलं. त्याचं नाव चेंडू. राणीसाहेबांच्या लाडक्या कुत्रीचं हे शेवटचं पिल्लू. गालिचाही राणीसाहेबांनीच हौसेने विणून घेतलेला. राणीसाहेब मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या मागे उरलेल्या या दोन गोष्टींचं एकमेकींशी अजिबात पटत नव्हतं.

बरं, पिल्लाला बाहेर सोडावं तर सुळकेगडावर जागा कुठे होती? महालाबाहेर कातळाचं अरुंद अंगण, अंगणाच्या कडेला दरी आणि डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी!

"सगळं करून पाहिलं, महाराज," प्रधान नरहरपंत म्हणाले. "दटावलं, नाक घासलं, कोंडून ठेवलं. आता ते लपून करतं. काल माझ्या पगडीत केलं!"

"मग गडाखाली सोडून या त्याला!"

गालिचा धुवायला कळशी घेऊन आलेली पाणक्याची मुलगी सगुणा जागीच थांबली. गडाखाली बिबट्यांचं रान होतं आणि चेंडू तर तिच्या पायाशी लोळत होता.

"महाराज, मी शिकवते त्याला," ती म्हणाली.

"तू?" पंत हसले. "आम्ही थकलो, आणि तू शिकवणार?"

"तुम्ही थकलात पंत, पण चेंडू अजून ताजातवाना आहे!"

राजाने मिशीवरून हात फिरवला. "ठीक आहे. पौर्णिमेच्या दरबारापर्यंत मुदत. त्या दिवशी दरबार सुरू झाल्यापासून उठेपर्यंत चेंडू इथेच राहील. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. गालिचा गुंडाळायचा नाही आणि पिल्लू उंबरठ्याबाहेर न्यायचं नाही. एक थेंब जरी सांडला, तरी त्याच संध्याकाळी पिल्लू गडाखाली!"

"मान्य," सगुणा म्हणाली. "पण त्या दिवशी जो नियम चेंडूला, तोच दरबारातल्या सगळ्यांना. खायला-प्यायला मिळेल, पण दरबार उठेपर्यंत उंबरठा कोणीच ओलांडायचा नाही. आपणसुद्धा!"

"एवढंच ना? मी राजा आहे पोरी, पिल्लू नव्हे! दिला शब्द!"

दुसऱ्या दिवशी सगुणाने मुदपाकखान्यातून एक चेपलेली परात मागून आणली. गडाखालून टोपलीभर माती आणि हरळी आणली. परात भरून तिने, दरबार भरायचा त्या दिवाणखान्याच्या सज्जात ठेवली.

"काय गं, सज्जात शेती करणार का?" पंतांनी विचारलं.

"करीन की! खताची सोय आहेच!"

पौर्णिमा उजाडली. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. सगुणा आणि तिचे बाबा हंडाभर थंडगार ताक घेऊन दरबारात फिरू लागले. पंतांनी दोन पेले रिचवले, राजाने तर मोजलेच नाहीत. चेंडूनेही आपलं वाडगं चाटूनपुसून साफ केलं.

गडाची जुनी रीत अशी, की आलेली प्रत्येक तक्रार ऐकल्याशिवाय पौर्णिमेचा दरबार उठत नसे.

पहिली तक्रार झाली. दुसरी झाली. राजाने मांडी बदलली. पंतांनी पाय जुळवले. सेनापती छताकडे बघू लागले.

एवढ्यात चेंडू उठला. गालिचा हुंगत गोल गोल फिरू लागला.

"आता! आता करतोय बघा!" पंत आनंदाने ओरडले.

सगुणाने श्वास रोखला. चेंडू गालिचा ओलांडून तुरुतुरु सज्जात गेला, परातीत चढला, निवांतपणे मोकळा झाला आणि परत आला. सगुणाने त्याला भाकरीचा तुकडा दिला.

"सज्जा उंबरठ्याच्या आत आहे, महाराज," ती म्हणाली.

"दिसतंय मला!" राजा कळवळला. त्याची स्वतःची मोरी अंगणापलीकडे होती.

पंत त्याच्या कानाशी लागले. "महाराज, परात तर आता रिकामीच आहे..."

"पंत!"

"अजून कोणाची तक्रार?" भालदाराने विचारलं.

उरलेला एकच म्हातारा काठी टेकत पुढे आला. "महाराज, ही गोष्ट माझ्या आजोबांपासून सुरू होते..."

"आजोबा राहू द्या! भांडण कशाचं ते सांगा!"

"फणसाच्या झाडाचं. झाड माझं, पण फणस भावाच्या..."

"अर्धे तुझे, अर्धे त्याचे! दरबार उठला!"

आणि राजा धावला! मागून पंत, त्यांच्या मागून सेनापती, त्यांच्या मागून अख्खा दरबार!

बऱ्याच वेळाने राजा प्रसन्न चेहऱ्याने परतला. गालिचा कोरडाच होता.

"जिंकलीस पोरी! पण केलंस काय?"

"उठला की परात, जेवला की परात, खेळून दमला की परात. परातीत केलं की भाकरीचा तुकडा."

"आणि चुकला की?"

"की मी पुसलं. न्यायला उशीर मीच केला होता ना!"

"पण मग आमच्या पंतांना का नाही जमलं?"

"महाराज, आत्ता आपण केवढ्या घाईत होतात! तरी अगदी बरोबर जागी पोचलात ना?"

राजाने मान डोलावली.

"कारण आपल्याला जागा ठाऊक होती," सगुणा म्हणाली. "चेंडूला मात्र सगळ्यांनी कुठे करायचं नाही, एवढंच सांगितलं. कुठे करायचं, ते कोणी सांगितलंच नव्हतं!"

राजा खो खो हसत सुटला. महालातल्या जुन्या नोकरांनी एकमेकांकडे पाहिलं. हा आवाज त्यांनी बरेच दिवस ऐकला नव्हता.

राजाने सगुणाच्या हातात चांदीचे तोडे घातले आणि तिच्या बाबांना दुभती गाय दिली. तेवढ्यात चेंडूने उडी मारली आणि राणीसाहेबांच्या रिकाम्या आसनावर अंग मुडपून तो झोपून गेला. पंत त्याला उचलायला निघाले. राजाने हातानेच त्यांना थांबवलं.

"राहू दे. ती जागाही त्याला ठाऊक झाली," तो म्हणाला. "आणि पंत, यापुढे ताक दरबार उठल्यावर!"