शत्रूच्या गाडीतला माणूस

एकदा एक दिवस असा उगवला की वारा म्हणून हललाच नाही. चैत्र सरत आला होता. आभाळ हळद कालवल्यासारखं पिवळं. उन्हाला अंत नाही आणि सावलीला गारवा नाही. झाडावरचे कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून गप्प बसलेले. अशा दिवशी माणसाने घराबाहेर पडू नये. पण तीन माणसं पडली.

त्यातला एक वृद्ध. ऐन तारुण्यात तो दूरच्या वाळवंटात लढाईच्या मागोमाग फिरला होता, बंदूक घेऊन नव्हे, पाना घेऊन. मोडलेल्या लष्करी गाड्या दुरुस्त करणं हे त्याचं काम. अक्षराची ओळख नव्हती, लोखंडाची होती. आता तो राहत होता त्या छावणीच्या गावात त्याला सगळे उस्ताद म्हणत.

दुसरा त्याचा शिष्य, शाळेत मास्तर. जुन्या फोटोतल्या युद्धकाळच्या गाड्या ओळखण्याचा त्याला ध्यास. चाकाला बोल्ट किती, दिवा कुठल्या अंगाला, पुढच्या जाळीच्या पट्ट्या उभ्या की आडव्या, एवढ्यावरून तो गाडीचं कूळ सांगे. त्यासाठी त्याने कितीतरी वस्तुसंग्रहालयं पालथी घातली होती.

तिसरी ठकूबाई. लांबच्या खेड्यातून उस्तादाच्या घरी आली होती. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक फोटो होता. फोटोत एक मालमोटार आणि तिच्या दाराला हात टेकून उभे तिचे वडील, राणोजी. ते त्या लढाईतून परत आलेच नाहीत. मोटारीच्या दारावर मात्र शत्रूच्या फौजेची खूण, क्रूस, रंगवलेला होता. शेजारच्या भिकाजीने तो फोटो कधीकाळी पाहिला आणि चारचौघांत बोलून गेला, "राणोजी शत्रूला फितूर झाला." तेव्हापासून ठकूबाई फितुराची लेक झाली ती झालीच. आता गावात लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड बसायचा होता आणि पाथरवट राणोजीच्या नावापाशी हात थांबवून बसला होता.

"सोमवारी दगड उभा राहायचाय, मास्तर," ठकूबाई म्हणाली. "ही गाडी कुणाची तेवढं सांगा. वाईट असलं तरी खरं सांगा."

शिष्याने भिंग लावलं. वरून खाली, खालून वर पाहिलं. मग मान वर करून म्हणाला, "गाडी शत्रूचीच. तिळमात्र शंका नाही. आपल्याकडे असा सांगाडा कधी बनलाच नाही."

"बरं," एवढंच म्हणून ती फडक्याची घडी घालू लागली. घडी काही नीट बसेना.

उस्ताद हे सगळं ऐकत होता. तो उठला. "चला, तसली गाडी छावणीच्या संग्रहालयात उभी आहे. बघून येऊ."

संग्रहालयाच्या आवारात त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. रणगाडे, मालमोटारी, चिलखती गाड्या ओळीने उभ्या. सगळ्या तोफांची तोंडं एकाच दिशेला, जणू तिकडून अजून कोणी यायचं आहे. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "उस्ताद, हात लावू नका हं, चामडी सोलून निघंल!"

कोपऱ्यात फोटोतल्यासारखीच मालमोटार होती. उस्ताद तिच्या दाराशी गेला, बोटांच्या पेरांनी त्याने तीनदा टकटक केली आणि कान देऊन उभा राहिला.

पहारेकरी हसला. "कोणी घरात आहे का, उस्ताद?"

शिष्य ओशाळला. हलकेच म्हणाला, "रिकामी आहे ती. कैक वर्षांपासून."

"ठाऊक आहे. थांब."

ते थांबले. आणि मग आतून, अगदी बारीक, आवाज आला. टक्. टक्. थोड्या वेळाने आणखी एक, टक्.

"उन्हाने पत्रा तापतो," शिष्य म्हणाला. पण स्वतःचाच आवाज त्याला परक्यासारखा ऐकू आला. पहारेकऱ्याचं हसूही मावळलं होतं.

उस्ताद सावकाश बोलू लागला. "आमच्या वर्कशॉपात नेम होता. रणातून गाडी ओढून आणली की आधी दार ठोठावायचं आणि शंभर अंक मोजून होईपर्यंत थांबायचं. आत कोणी जिवंत असला तर त्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा. नंतर पाना. एकदा अशीच गाडी आली. पिचलेली, दार आत घुसलेलं, वर क्रूस. सगळे म्हणाले, शत्रूची आहे, पडू दे तिकडं. मीही म्हणालो. कोणी ठोठावलं नाही. चौथ्या दिवशी सुटे भाग काढायला दार कापलं. आत आपल्याच वर्दीतला माणूस होता. दाराच्या आतल्या अंगाचा रंग मुठीएवढ्या जागेवरचा उडालेला. तो आतून ठोठावत होता, पोरा. आम्ही गाडी अचूक ओळखली होती. म्हणूनच तो मेला."

शिष्याने समोरच्या दाराकडे पाहिलं.

"गाडी ओळखण्यात तुझी चूक नाही," उस्ताद म्हणाला. "पण ओळख पटली की तू बघायचं थांबवतोस. आता फोटो पुन्हा हातात घे. शंभर मोज आणि मग बघ."

शिष्याने मोजलं. मग भिंग लावलं. "पुढच्या दांडीला काहीतरी लोंबतंय," तो म्हणाला. "मघाशी दिसलं होतं. कुठल्या पुस्तकात असा भाग नाही, म्हणून सोडून दिला."

ठकूबाईने भिंग ओढून घेतलं. "अवो मास्तर, भाग कसला! पायताण हाय ते! उलटं टांगलंय, दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडं बैलगाडीला बांधत्यात."

शिष्य चरकला. तो आता फोटोच्या कडेकडेने पाहू लागला. मागे तंबू. तंबूपाशी गालाला फेस लावलेला एक साहेब आणि त्याला आरसा धरून उभा एक फेटेवाला जवान. शेजारी तीन बंदुका एकमेकींना टेकवून ठेवलेल्या.

"शत्रूच्या तळावर आपला साहेब निवांत दाढी करील का रे?" उस्तादाने विचारलं. "आणि कैद्यापाशी बंदुका राहतील? ती धरून आणलेली गाडी आहे. आम्ही अशा किती चालत्या केल्या, गणती नाही. क्रूस पुसायला रंगच नसायचा. तिचा ड्रायव्हर आपला असायचा, बाई. तुझ्या बापासारखा."

ठकूबाईने डोळ्यांना पदर लावला. मग तिने भीतभीत विचारलं, "उस्ताद, तुमच्या त्या गाडीतला माणूस… तो कोण व्हता?"

"नाव कळलं नाही. चेहऱ्यावरून कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो तुझा बाप होता असं मी म्हणणार नाही." उस्ताद थांबला. "नव्हता, असंही मला म्हणवत नाही."

तिने तापलेल्या दारावर तळहात टेकवला आणि काढला नाही. आत पुन्हा बारीकसं काही वाजलं. या वेळी पत्र्याविषयी कोणीच बोललं नाही.

सोमवारी शिष्य स्वतः तिच्या गावी गेला. पारावर सगळ्यांसमोर फोटो धरून त्याने पायताण दाखवलं, साहेब दाखवला, बंदुका दाखवल्या. आणि हेही सांगितलं की, मी पहिल्यांदा फक्त गाडी ओळखली होती, या माणसाकडे मी पाहिलंच नव्हतं. पाथरवटाने छिन्नी उचलली. राणोजीचं नाव दगडावर उमटेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

माणसं पांगली तेव्हा एक म्हातारा काठी टेकत शिष्यापाशी आला. तो शेजारचा भिकाजी होता. पुष्कळ वेळ दगडाकडे पाहून तो म्हणाला, "मास्तर, चाळीस वर्सं तिच्या अंगणावरनं जाताना मी मान फिरवून गेलो. उद्यापास्नं कसं जायचं, तेवढं सांगून जा."