गुळवेलीच्या होकाराची कहाणी

ऐक गुळवेलीबाई, तुझी कहाणी. नगर होतं, त्याला आटपाट म्हणत. तिथं भिवबा कोष्टी राहत होता. घरात बायको होती, चिमा नावाची सून होती. सारं नीट चाललं होतं. एके सकाळी मागाचा ठेका चुकला. चिमा दचकली. म्हणाली, "मामंजी, काय झालं?"

"काही नाही, पोरी. पायाच्या अंगठ्याला मुंगी चावली."

सासू म्हणाली, "व्याह्यांच्या मटणाची मुंगी ती. चार दिवस त्यांच्याकडं जेवत होते."

पहिल्या दिवशी अंगठा लाल झाला. दुसऱ्या दिवशी सुजला. तिसऱ्या दिवशी धोतराचा सोगा लागला तरी जीव जाई. मागाच्या पावडीवर पाय ठेववेना. माग थांबला.

मग चिमा वैदिणीकडं गेली. "बाई, बाई, मामंजींना उपाय सांग."

"घाई करशील, वसा विसरशील."

"घाई करणार नाही, वसा विसरणार नाही."

मग वैदीण म्हणाली, "रक्तात खार साचला, तो सांध्यात रुतला. कडुलिंबावरच्या गुळवेलीत तीन सत्त्वं. एक खार होऊ देत नाही, एक झालेला बाहेर काढतं, एक ठणका निववतं. असं आम्ही मानतो, पुरतं कुणी पाहिलं नाही. म्हणून बोटभरच घे. महिनाभर मांस नको, मद्य नको. आदल्या सांजेला वेलीला अक्षत दे, हाक मार. ती ओ देईल, मग तोड."

चिमा परसातल्या लिंबाखाली आली. तोच घरातून कण्हणं ऐकू आलं. ती घाबरली. अक्षत राहिली, हाक राहिली. बुडाशी विळा घातला, हाती आली तेवढी वेल ओढली, हंडाभर काढा केला. मामंजी प्याले, ओकले. ठणका दुप्पट झाला.

सासू म्हणाली, "औषध दिलंस की गुरांना वैरण घातलीस?"

मग चिमा रडत लिंबाखाली गेली. अक्षत वाहिली. "गुळवेलीबाई, आहेस का?" उत्तर नाही. दुसऱ्या सांजेला हाक मारली. उत्तर नाही. वर उरलेली वेल पिवळी पडली. तिसऱ्या सांजेला मुळाशी पाणी घातलं. म्हणाली, "चूक माझी. मी घाबरले की मला काही सुचत नाही. मामंजींना चालू दे. द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण तू जग." हाक मारली, बसून राहिली.

मग फांदीवरून दोऱ्याएवढं मूळ उतरलं, हळूच मातीला टेकलं. वेल म्हणाली, "ओ. उद्या ये. बोटभर ने."

जशी ती चिमाला बोलली, मामंजींच्या पायाला उतार पडला, तशी तुम्हां-आम्हां बोलो, घरोघरची पावलं हलकी पडोत. साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.