चौकोनी पिट्टू

"...तीन वर्षं सलग तपासणीचा चषक आमच्याच ब्रिगेडला. आता अजून कसली तयारी हवी, बुवा?"

ब्रिगेडियर दाभाडे तावातावानं बोलत होते. अंगावरच्या गणवेशाला इतकी कडक इस्त्री की देवळाच्या ओट्यावर बसायचीही पंचाईत.

भानबुवा शेंगा सोलत होते. बुवा म्हणजे पूर्वीचे सुभेदार मेजर, दोन लढाया पाहिलेले. दाभाडे कोवळे लेफ्टनंट होते तेव्हा खंदक कसा खणायचा ते यांनीच शिकवलं. पेन्शनीत निघाले आणि या टेकडीवर दत्ताच्या देवळात येऊन राहिले.

"मग इथं कशाला आलास?"

"ब्रिगेड लढाईला तयार आहे की नाही, ते संध्याकाळपर्यंत वर कळवायचंय. तयार म्हटलं तर गुरुवारी तीन हजार माणसं बर्फात चढतील. महिनाभराची मुदत मागितली, तर दुसरी ब्रिगेड जाईल. आणि माझी बढती..."

"ती हुकेल."

"हुकेलच की!"

"आणि ब्रिगेड तयार आहे?"

"आहे म्हणजे काय! शांततेत पहिले आलो, युद्धातही येऊ. तुमचा आशीर्वाद तेवढा द्या."

बुवांनी मान वळवून मागच्या जवानांकडे पाहिलं.

साहेबांबरोबर दहा जवान टेकडी चढून आले होते. पाठीवर पिट्टू. म्हणजे फौजेतली पाठपिशवी हो. कपडे, दाणापाणी, पांघरूण, सगळं तिच्यात. भरली की वीस किलोच्या खाली नाही. हे दहाही पिट्टू कसे, एका मापाचे, चौकोनी! आणि एकाच्याही कपाळावर घाम नाही. देवळात झाडलोट करणारा मी, आपला चाटच पडलो.

"पाठ धरली रे माझी," बुवा समोरच्या जवानाला म्हणाले. "जरा आडवा होतो. उशाला दे तुझा पिट्टू."

जवान, नलवडे त्याचं नाव, जागचा हलेना. साहेबांनी डोळे वटारले तेव्हा कुठं त्यानं पट्टे सोडले.

बुवांनी डोकं टेकलं. कचकन आवाज झाला आणि पिट्टू पार चपटा!

साहेबांनी तो उघडला. आत बिस्किटांचा रिकामा खोका. दुसरा उघडला. खोका. तिसराही तसाच.

"हा काय चावटपणा? कुणी शिकवलं हे?"

नलवडे ताठ उभा.

"बोल!"

"साहेब... तपासणीला पिट्टूचे कोपरे काटकोनात पाहिजेत, असा आपलाच हुकूम हाय. सामान भरलं की पिट्टूचं पोट सुटतं, कोपरा निघत न्हाई. म्हणून खोका. सगळी ब्रिगेड हेच करती."

"आणि सामान भरून किती वेळा चढलात?"

"दोन वर्षांत एकदाबी न्हाई, साहेब."

दाभाडे मटकन ओट्यावर बसले. खोटं कशाला सांगू, मला त्यांची कीव आली. आणि त्या पोराची धास्ती वाटली. आता त्याची काही धडगत नाही, असंच वाटलं.

बुवा उठून परत शेंगा सोलायला लागले.

"बुवा, याला काय शिक्षा करू?"

बुवांनी पुढची शेंग फोडली.

"बरं, ते जाऊ द्या. वर काय कळवू, ते तरी सांगा."

बुवांनी सोललेले दाणे नलवड्याच्या हातावर ठेवले.

"तुझ्या ब्रिगेडमधला एक जण आज खरं बोलला. आता दुसरा कोण?"